मुलगी अर्थशास्त्र शिकायला लागली आणि घरात वाद सुरू झाले

तुमची मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अर्थशास्त्र घेऊन. कांद्यावरची निर्यातबंदी चुकीची होती असं ती जेवताना म्हणाली आणि तुमचा घास अडकला. मग भाडेनियंत्रणानं गिरगावाची वाट लावली म्हणाली. तुमची बहीण तिथेच पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या थोड्या भाड्यावर धरलेल्या खोलीत राहते. परवा तर आजीलाच म्हणाली, पाटल्या विक आणि पैसे शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात टाक. तुमचं विचारणं असं, की अर्थशास्त्र शिकलेली माणसं सगळीच असं बोलतात का, तशी वागतातही का, आणि हे शिकून पोरगी आपमतलबी तर होणार नाही ना?

मी ३१ वर्षं कॉलेजात हा विषय शिकवला, त्यामुळे तुमच्यासारखे वडील दरवर्षी दोन-तीन तरी भेटायचे. आधी उत्तर सांगून टाकतो. बोलण्यातला फरक खरा आहे आणि चांगलाच मोठा आहे. वागण्यातला फरक त्या मानानं किरकोळ, आणि तोही बराचसा शिकायला येण्याआधीचाच. आपमतलबीपणाबद्दल पुरावे दोन्ही बाजूंनी आहेत, त्यांच्याकडे वळतोच.

आधी बोलणं. १९९६ मध्ये अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली. वॉशिंग्टन पोस्ट, कैसर फाउंडेशन आणि हार्वर्ड विद्यापीठानं मिळून १,५१० सामान्य नागरिकांना आणि २५० अर्थतज्ज्ञांना तेच ते प्रश्न विचारले. पेट्रोल का महागलं? लोक म्हणाले, तेल कंपन्यांची हाव. अर्थतज्ज्ञ म्हणाले, मागणी आणि पुरवठा. परदेशी मदतीवरचा खर्च, बाहेरून येणारे लोक, कंपन्यांची नोकरकपात यांनी देशाचं किती नुकसान होतं? लोकांना ते फार वाटलं, अर्थतज्ज्ञांना थोडं किंवा अजिबातच नाही. ब्रायन कॅप्लन या अर्थतज्ज्ञानं हे आकडे पुन्हा घुसळले. त्याला एक शंका तपासायची होती: अर्थतज्ज्ञांचे पगार चांगले, नोकऱ्या पक्क्या, म्हणून तर ते असे निवांत बोलत नाहीत ना? उत्पन्न आणि नोकरीची शाश्वती हिशेबात धरूनही बराचसा फरक शिल्लक राहिला. म्हणजे खिशातून येणाऱ्या फरकाहून विषयातून येणारा फरक मोठा.

२०१३ मध्ये पाओला सापिएन्झा आणि लुइजी झिंगालेस यांनी अशीच तुलना केली, तेव्हा एखाद्या विधानाला होकार देण्यात तज्ज्ञ आणि लोक यांच्यात सरासरी ३५ टक्के अंकांची दरी निघाली. त्यांच्या दोन निष्कर्षांनी मला फार दिवस छळलं. एक म्हणजे ज्या प्रश्नांवर अर्थतज्ज्ञांचं आपसात सर्वांत जास्त एकमत, नेमक्या त्याच प्रश्नांवर लोक त्यांच्यापासून सर्वांत लांब. दुसरं असं की लोकांना ‘या विषयातल्या बहुतेक तज्ज्ञांचं मत असं आहे’ हे सांगूनही त्यांचं मत फारसं हललं नाही. तुमचंही हललं नसेल. जेवणाच्या ताटावर तर नाहीच.

असं का होतं, ते मला माझ्याच घराच्या उदाहरणावरून सांगता येईल.

माझ्या वडिलांनी १९५८ मध्ये गिरगावात पागडी देऊन दोन खोल्या घेतल्या. भाडं महिना ३८ रुपये. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. त्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. युद्ध, फाळणी, गावाकडून येणारे लोंढे, त्या काळात याचं कारण कळण्यासारखं होतं. पण कायद्याला मुदतवाढ मिळत गेली, पन्नास वर्षं. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीलाही कायद्यात जागा दिली. ३८ रुपयांवर ४ टक्के म्हणजे दीड रुपया. एवढ्यात मालक जिन्यावरचा दिवासुद्धा बदलणार नाही, आणि त्यानं बदललाही नाही. दक्षिण मुंबईतल्या हजारो इमारतींची दुरुस्ती शेवटी भाडेकरूंकडून उपकर घेऊन सरकारी मंडळाला करावी लागली. ‘सेसची इमारत’ हा शब्द तुमच्या बहिणीच्या तोंडी असेलच. पावसाळ्यात टेकू लावलेल्या गॅलऱ्या आणि ट्रान्झिट कॅम्पात वीस-वीस वर्षं काढलेली कुटुंबं ही त्याच गोष्टीची पुढची पानं.

अर्थतज्ज्ञाला विचारा, तो हेच सांगेल. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या एका पाहणीत, जी १९९२ मध्ये छापून आली, ‘भाड्यावर मर्यादा घातली की घरांची संख्या आणि दर्जा घटतो’ या विधानाला ९३ टक्क्यांनी कमी-अधिक होकार दिला. आमच्या धंद्यात इतकं एकमत सूर्य पूर्वेला उगवतो यावरही होणार नाही.

आता बहिणीच्या बाजूनं बघा. तिला डोळ्यासमोर दिसतं ते हे: भाडं बाजारभावानं असतं तर आपण कधीच विरार-बदलापूरला फेकले गेलो असतो. आणि ते खरं आहे! सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये भाडेनियंत्रण लहान इमारतींनाही लागू झालं. स्टॅनफर्डच्या तिघा अर्थतज्ज्ञांनी त्याचा माग काढून २०१९ मध्ये जो निबंध छापला तो मला या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक वाटतो. ज्या भाडेकरूंना संरक्षण मिळालं ते आपल्या पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली. म्हणजे कायद्यानं ज्यांना सांभाळायचं होतं त्यांना सांभाळलं. पण त्या इमारतींच्या मालकांनी भाड्यानं द्यायची घरं १५ टक्क्यांनी कमी केली, कुणी विकली, कुणी पाडून नवी बांधली, आणि त्यामुळे शहरभरातली भाडी सुमारे ५ टक्क्यांनी चढली. ते वाढीव भाडं भरलं कुणी? जे अजून शहरात यायचे होते त्यांनी. त्यांचा चेहरा कुणाला दिसत नाही, त्यांची संघटना नसते, ते मोर्चा काढत नाहीत.

फरकाचं मूळ इथं आहे, असं मी मानतो. तुमची बहीण विचारते, ‘हे माझ्यावर अन्याय करणारं आहे का?’ तुमची मुलगी विचारते, ‘मग पुढे काय होईल, आणि जो या खोलीत नाही त्याचं काय?’ दोघींचे प्रश्न वेगळे असल्यामुळे उत्तरंही वेगळी येतात, आणि दोघींना वाटतं समोरचीला अक्कल नाही.

आता माझी कबुली. आई गेल्यावर त्या दोन खोल्या चार वर्षं कुलूपबंद होत्या. मी पुण्यात, बहीण ठाण्यात. कागदोपत्री मात्र बहीण आईजवळच राहत होती. पुनर्विकासाची बोलणी चालू होती, अशा वेळी ताबा कोण सोडतो? वर्गात मी फळ्यावर आलेख काढून शिकवायचो की भाडेनियंत्रणामुळे भर शहरात हजारो खोल्यांना कुलूप पडतं आणि गरजू माणूस बाहेर राहतो. त्यातल्या एका कुलपाची किल्ली तेव्हा माझ्या खिशात असायची. मला लाज वाटली का? थोडी. मी वेगळा वागलो का? नाही. मोहाचं गणित मला इतरांपेक्षा नीट मांडता येत होतं, इतकंच.

कांद्याकडे वळू, कारण तिथं तुमच्या प्रश्नातला ‘सामान्य माणूस’ हा शब्दच फसवा ठरतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, आणि मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य आणि शुल्क ठेवून ती उठली. दादरच्या भाजीबाजारात विचाराल तर बंदी योग्यच: आधी आपलं घर, मग बाहेरचं. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचाराल तर तो तुमच्या मुलीपेक्षा कडक शब्दांत तेच सांगेल. त्यानं कोणतंही क्रमिक पुस्तक वाचलेलं नसतं. लिलावात डोळ्यांदेखत क्विंटलमागे भाव पडताना बघणं हाच त्याचा अभ्यासक्रम. शरद जोशींची शेतकरी संघटना चाकणच्या कांद्यापासून उभी राहिली आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ असं म्हणणारी सभाच्या सभा जमत गेली. त्या सभेतला सदरा-टोपीवाला म्हातारा सरकारच्या निर्यातबंदीवर जे बोलायचा ते कुठल्याही विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात चालून गेलं असतं. (खतावरच्या अनुदानाचा विषय निघाला की मात्र सभेचा आणि विभागाचा रस्ता वेगळा व्हायचा.)

अर्थतज्ज्ञ बंदीला विरोध करतो तो शेतकऱ्याच्या प्रेमापोटीच असं समजू नका. तो पुढच्या हंगामाचा विचार करतो. तुरीचं उदाहरण आठवा. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली, घराघरात वरण पातळ झालं. तो भाव बघून पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर वाढवली, पाऊसही बरा झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला बोनससह ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर असताना बाजारात त्याखाली तूर विकावी लागली. खरेदी केंद्रांबाहेर लागलेल्या रांगा विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणालाही आठवतील. चढा भाव हा पेरणीसाठीचा निरोप असतो आणि पडलेला भाव हाही. निर्यातबंदी तो निरोप मधेच अडवते, म्हणून अर्थतज्ज्ञ कुरकुरतो. ग्राहकाला मात्र आजची पिशवी भरायची असते, आणि पिशवी रोज रिकामी होते. पुढच्या हंगामाच्या नावानं आज पदरमोड करायला सांगणारा माणूस कुणालाच आवडत नाही. त्यात तो पगारदार असला तर मुळीच नाही.

न्यायाच्या भावनेबद्दल मात्र आमच्या लोकांनी फार उशिरा कान उघडले. १९८६ मध्ये कानेमन, नेत्श आणि थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना विचारलं: दुकानदार बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला विकतो, मोठं हिमवादळ झाल्यावर दुसऱ्या सकाळी २० डॉलर करतो, हे योग्य का? ८२ टक्के म्हणाले, अन्याय आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे यात काहीच चूक नाही. ज्याला खरी निकड आहे त्याला फावडं मिळेल, दुसरे दुकानदार ट्रक भरून फावडी आणतील. मी हा प्रश्न वर्गात छत्रीवर घालून विचारायचो. पण २६ जुलै २००५ नंतर तो तसा विचारणं मला जड जायला लागलं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझी भाची अंधेरीहून चालत निघाली, तिला वाटेत अनोळखी लोकांनी चहा-बिस्किटं दिली, घरात घेतलं. एका टॅक्सीवाल्यानं दहापट भाडं मागितलं, त्याचा नंबर तिला आजही पाठ आहे. अर्थशास्त्र सांगेल की दहापट भाड्यानं आणखी टॅक्स्या बाहेर पडतात. त्या पाण्यात एकही बाहेर पडणार नव्हती. जिथं जास्त भावानं जास्त माल येऊच शकत नाही तिथं चढा भाव नुसताच खिसा कापतो, आणि हे लोकांना आलेखाशिवाय कळतं. दुकानदारांनाही कळतं. बाकीचे ३६४ दिवस गिऱ्हाईक टिकवायचं असतं म्हणून गल्लीतला वाणी पुरात भाव वाढवत नाही.

व्याजदराचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेनं मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दरानं कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, महागाई आवरायला. तुम्ही म्हणाल, माझा हप्ता वाढला, दुकानदाराचा वाढला, म्हणजे तो भाव वाढवणार. महागाई कमी कशी होईल? अमेरिकेतल्या कुटुंबांना आणि तज्ज्ञांना समोरासमोर ठेवून केलेल्या एका अभ्यासात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, बऱ्याच कुटुंबांनी हेच उलटं उत्तर दिलं. तज्ज्ञ मागणीच्या बाजूनं बघतात (कर्ज महागलं की खरेदी कमी होते), कुटुंबं खर्चाच्या बाजूनं. इथं मी तज्ज्ञांच्या बाजूचा आहे, पण कुटुंबांचं म्हणणं खुळचट नाही. थोड्या काळापुरता तोही परिणाम असतो.

आमच्या लोकांचं एकमत म्हणजे वेदवाक्य असंही नाही. १९३० मध्ये १,०२८ अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूवर यांना पत्र लिहून आयातशुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली विधेयकावर सही करू नका म्हणून विनवलं. त्यांनी सही केली आणि पुढे बदल्याची शुल्कं लागून जगाचा व्यापार आणखी आक्रसला. तिथं तज्ज्ञ बरोबर निघाले. पण १९५५ मध्ये भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर देशातल्या नामवंत अर्थतज्ज्ञांचं मंडळ बसलं, त्यात तुटीच्या अर्थभरण्यावर (नोटा छापून सरकारी खर्च भागवण्यावर) आणि सरकारी नियंत्रणांवर लेखी मतभेद नोंदवणारे बी. आर. शेणॉय एकटे होते. १९५७ पर्यंत परकीय चलनाची गंगाजळी आटली, म्हणजे एकटे शेणॉयच बरोबर निघाले. आणि नोव्हेंबर २००८ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राणी एलिझाबेथनं बँकांच्या संकटाबद्दल विचारलं की हे कुणाला दिसलं कसं नाही, तेव्हा जमलेल्या विद्वानांची जी पंचाईत झाली ती आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात वाटून घेतली.

आता वागणं. तुमच्या शेजाऱ्यांनी ‘अर्थशास्त्र शिकलेली मुलं स्वार्थी होतात असं संशोधन आहे’ असं सांगितलंय. संशोधन आहेच. १९८१ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेराल्ड मारवेल आणि रूथ एम्स यांनी एक खेळ मांडला: प्रत्येकाला काही पैसे, ते स्वतःकडे ठेवा किंवा सगळ्यांच्या सामाईक पेटीत टाका, पेटीतले पैसे वाढून सर्वांना वाटले जातील, टाकलेत किंवा नाही टाकलेत तरी. इतर लोकांनी सरासरी ४९ टक्के पेटीत टाकले. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी २० टक्के. पण मला त्याहून बोलका वाटला तो पुढचा तपशील. ‘किती टाकणं न्याय्य?’ असं नंतर विचारल्यावर अर्थशास्त्राच्या एक-तृतीयांशाहून जास्त मुलांनी एक तर उत्तरच दिलं नाही किंवा असं काही गुंतागुंतीचं लिहिलं की ते कोणत्याच रकान्यात बसेना. न्याय्य हा शब्द त्यांच्या परीक्षेत येत नव्हता.

१९९३ मध्ये कॉर्नेलच्या रॉबर्ट फ्रँक आणि सहकाऱ्यांनी कैद्यांच्या पेचाचा खेळ खेळवला, ज्यात समोरच्याला दगा दिला तर आपला फायदा, पण दोघांनी दिला तर दोघांचं नुकसान. अर्थशास्त्राच्या सुमारे ६० टक्के मुलांनी दगा दिला, इतरांपैकी ३९ टक्क्यांनी. त्यांनी प्राध्यापकांनाही पत्रं पाठवली; दानधर्माला काहीच न देणाऱ्यांचं प्रमाण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांत ९ टक्क्यांवर, इतर विषयांत ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास.

इथं थांबलात तर शेजारी जिंकले. पण त्याच कॉर्नेलच्या खेळात मुलांना आधी एकमेकांशी बोलून वचन देण्याची मुभा दिली, तेव्हा दोन गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला. मी स्वतः दरवर्षी वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ घ्यायचो, पेटीच्या जागी खडूचा रिकामा डबा आणि पैशांच्या जागी गुण. पहिल्या फेरीत घडी घातलेल्या चिठ्ठ्यांवर ‘माझ्याकडे’च जास्त. मग मी चहाला जायचो, मुद्दाम दहा मिनिटं. परत आलो की वर्गात गलका असायचा, कुणीतरी फळ्याजवळ उभं राहून शपथा घ्यायला लावत असायचं, आणि दुसऱ्या फेरीत डबा भरायचा. दोन-तीन महाभाग तरीही ‘माझ्याकडे’ लिहायचे. त्यातला एक नंतर कॉमर्सला गेला.

खेळाबाहेर काय होतं? १९९६ च्या एका निबंधासाठी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात वर्गाच्या बाकांवर पाकिटं ‘विसरून’ ठेवली. आत १० डॉलर रोख आणि कुणाला तरी परत करायचे म्हणून लिहिलेली चिठ्ठी, पाकिटावर पत्ता आणि तिकीट. अर्थशास्त्राच्या वर्गांतली ५६ टक्के पाकिटं पोस्टात पडली, इतर विषयांच्या वर्गांतली ३१ टक्के. म्हणजे ज्यांना खेळात ‘मी ठेवून घेतो’ म्हणायला शिकवलं होतं त्यांनीच रोकड जास्त परत केली. आणखी एका अभ्यासात व्यावसायिक संघटनांची वर्गणी बघितली, जी स्वतःच सांगितलेल्या उत्पन्नावर ठरते, कुणी तपासत नाही. उत्पन्न कमी सांगून वर्गणी चुकवण्यात अर्थतज्ज्ञ हे समाजशास्त्रज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञांच्या मागे निघाले. हा निकाल आमच्या स्टाफरूममध्ये मी समाजशास्त्राच्या मॅडमना मोठ्यानं वाचून दाखवला होता. त्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

खरं कोडं हे की शिकून माणूस बदलतो, की तशीच माणसं हा विषय घेतात. कार्टर आणि आयर्न्स यांनी १९९१ मध्ये पैसे वाटून घेण्याचा खेळ लावला, तर नुकती दाखल झालेली अर्थशास्त्राची मुलंही आधीच थोडी ‘अर्थशास्त्री’ निघाली. झुरिक विद्यापीठात तर खेळ मांडायची गरजच पडली नाही: तिथं प्रत्येक सत्राची फी भरताना गरजू विद्यार्थ्यांसाठी ७ फ्रँक आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी ५ फ्रँक द्यायचे का, असं विचारायचे. ब्रूनो फ्राय आणि स्टेफान मायर यांनी हजारो विद्यार्थ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या. अर्थशास्त्र शिकत गेल्यामुळे देणं कमी झालं असं काही दिसलं नाही. कमी देणारे होते ते पहिल्या दिवसापासून कमी देणारे, आणि त्यात व्यवसाय-व्यवस्थापनाकडची मुलं पुढे. तेव्हा तुमच्या मुलीबद्दल विचारायचं तर मला नका विचारू. ती बारावीपर्यंत धाकट्या भावाला चॉकलेट अर्धं द्यायची का, हे तुम्हीच आठवा.

शिकल्यानं बदलते ती भाषा. ‘संक कॉस्ट’, म्हणजे गेलेले पैसे गेलेच, असं म्हणून ती अर्ध्या सिनेमातून उठेल, ‘पैसे वसूल’ करायला बसणार नाही. बुफेत तुमच्याइतकं जेवणार नाही. लग्नात आहेराऐवजी रोख द्या म्हणेल, आणि आत्या दुखावल्या की तिला त्याचं कारण कळणार नाही. याला स्वार्थ म्हणत नाहीत, याला दुसरं वर्ष म्हणतात. बहुतेकांचं तिशीच्या आत उतरतं.

आजीच्या पाटल्यांवर मात्र मी आजीच्या बाजूनं बोलणार आहे. मुलीचा हिशेब असा असेल: घडणावळ गेली, मोडीत घट, घरात ठेवलं तर व्याज नाही, चोरीची भीती. शेअर बाजाराचा दीर्घकाळचा परतावा जास्त. हे सरकारांनाही वाटत आलंय. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या काळात सुवर्णनियंत्रण आलं आणि १४ कॅरटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. सोनार देशोधडीला लागले, चोरटी आयात वाढली, आणि बायकांनी सोनं सोडलं नाही ते नाहीच. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा शेवटी १९९० मध्ये गुंडाळावा लागला. मग २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञांच्या पसंतीचा उपाय आला, सुवर्ण रोखे: सोन्याचा भावही घ्या आणि वर आधी पावणेतीन, नंतर अडीच टक्के व्याजही. कल्पना उत्तम. पण सोनं असं काही चढलं की ते रोखे सरकारलाच महाग पडले आणि फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका निघाली नाही.

आजी पाटल्यांकडे परताव्यासाठी बघतच नाही. ते स्त्रीधन आहे. नवरा, दीर, मुलगा कुणाच्याही सहीशिवाय तिच्या हातात असलेली ती एकमेव मालमत्ता असू शकते. रात्री दवाखान्यात अनामत भरायची वेळ आली तर सकाळी सोनाराकडे गहाण टाकता येते. पुस्तकात याला तरलता आणि जोखमीचा विमा म्हणतात, आजी ‘अडीनडीला’ म्हणते. मुलीनं आजीला नीट विचारलं असतं तर तिला एक अख्खा धडा फुकट मिळाला असता. आणि गुंतवणूक कशी विभागावी याचं गणित मांडून ज्यांनी १९९० चं नोबेल मिळवलं त्या हॅरी मार्कोविट्झ यांनी स्वतःच्या निवृत्तीचे पैसे कसे ठेवले? निम्मे शेअर्समध्ये, निम्मे रोख्यांमध्ये. बाजार चढला आणि आपण नव्हतो किंवा पडला आणि सगळं त्यातच होतं, दोन्हीची हळहळ नको म्हणून. आपलंच गणित आपल्याच पैशांवर वापरायचं त्यांनी टाळलं. आजीच्या जवळ बसतील असे गृहस्थ.

घरात भांडण पेटलं तर शांत करायला एक कोडं देतो. तुम्हाला एका नाटकाचा फुकट पास मिळालाय, तो विकता येत नाही. त्याच संध्याकाळी तुमच्या दुसऱ्या आवडत्या कलाकाराचा कार्यक्रम आहे, तिकीट ४०० रुपये. त्या कार्यक्रमासाठी तुम्ही जास्तीत जास्त ५०० मोजायला तयार असता. बाकी खर्च काही नाही. नाटकाला गेलात तर तुमचं किती गेलं: शून्य, १००, ४०० की ५००? २००५ मध्ये पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी हेच कोडं, एरिक क्लॅप्टन आणि बॉब डिलन यांची नावं घालून, अमेरिकेतल्या अर्थशास्त्र्यांच्या वार्षिक परिषदेत १९९ जणांना घातलं. चार पर्याय, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ टक्के बरोबर यायला हवेत. आले २१.६ टक्के.

उत्तर १०० आहे: ५०० चा आनंद हुकला, पण ४०० खिशात राहिले. आधी आजीला विचारा, मुलीला नंतर, आणि दोघींना एकमेकींसमोर नको.